खेळ कंपनीचा, संसार खेळाडूंचा

२०११ च्या जून अखेरीस जिता नावाच्या ग्रहमालेत शेकडो अंतराळयानं जमली आणि तिथल्या एका पुतळ्यावर त्यांनी मारा सुरू केला. लेझर, क्षेपणास्त्रं, तोफा, ज्याच्याकडे जे होतं ते. पुतळा पडणार नव्हता. खेळाच्या प्रोग्राममध्ये त्याला इजा होण्याची सोयच नव्हती आणि मारा करणाऱ्या प्रत्येकाला हे पक्कं ठाऊक होतं. तरी गोळ्या सुटत राहिल्या. एक दमून निघाला की दुसरा त्याच्या जागी यायचा.

हे घडलं 'ईव्ह ऑनलाइन' या खेळात. जिता ही तिथली सर्वांत मोठी बाजारपेठ, मार्केट यार्डासारखी सदा गजबजलेली. त्या पुतळ्याशी कुणाचंच वैर नव्हतं. राग होता तो खेळ बनवणाऱ्या सीसीपी या आइसलँडमधल्या कंपनीवर. कंपनीचं कार्यालय रेक्याविकला, खेळाडू जगभर पसरलेले. मोर्चा न्यायचा तरी कुठं? म्हणून त्यांनी तो खेळातच काढला. ऑनलाइन खेळांच्या कंपन्या खेळाडूंशी कशा बोलतात, कुठं चुकतात आणि चुकल्यावर काय करावं लागतं, हे समजून घ्यायला या मोर्च्याइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मुळात कंपनीनं खेळाडूंशी बोलायचंच कशाला, असा प्रश्न न खेळणाऱ्याला पडू शकतो. सिनेमा एकदा पडद्यावर आला की त्यात बदल होत नाही. कॅरमबोर्ड घरी आणला की त्याचे नियम दुकानदार बदलू शकत नाही. ऑनलाइन खेळाचं तसं नसतं. तो विकत घेतल्यानंतरही बदलत राहतो. तीन वर्षं रात्री जागून एखाद्यानं एक जहाज मिळवलेलं असतं, आणि एका सकाळी अपडेट येतं नि त्या जहाजाच्या तोफांचा जोर निम्मा होतो. यालाच खेळाडू 'नर्फ' म्हणतात. नर्फ हा अमेरिकेतला खेळण्यांचा ब्रँड. त्याच्या बंदुकीतून फोमच्या मऊ गोळ्या सुटतात. खऱ्या शस्त्राची खेळण्यातली बंदूक झाली, असा तो अर्थ. उलट, एखादी गोष्ट ताकदवान केली तर तो 'बफ'.

कायद्यानं जहाज, तोफा, नाणी, सगळं कंपनीच्या मालकीचं. खेळाडू सुरुवातीला 'मान्य आहे' वर बोट ठेवतो तेव्हाच हे त्यानं कबूल केलेलं असतं. पण मुंबईतल्या पागडीच्या खोलीचा विचार करा. कागदावर मालक वेगळा असतो, पण तीन पिढ्यांचा संसार ज्यानं तिथं मांडला, त्याला ती खोली परक्याची वाटत नाही. मालकानं न विचारता जिना तोडला तर चाळ पेटून उठते. ऑनलाइन खेळातही कंपनी आणि खेळाडू यांचं नातं असंच आहे, आणि ते न ओळखणाऱ्या कंपन्या पुन्हा पुन्हा तोंडघशी पडल्या आहेत.

बोलण्याचे नेहमीचे मार्ग साधे असतात. अपडेटसोबत 'पॅच नोट्स' येतात, म्हणजे काय काय बदललं याची यादी. बदल आधी वापरून बघायला टेस्ट सर्व्हर असतो. पुढच्या काही महिन्यांत काय करणार, ते सांगणारा रोडमॅप असतो. यात पॅच नोट्सना मी फार मान देतो. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणारी रायट ही कंपनी जवळपास दर दोन आठवड्यांनी त्या काढते, आणि एखाद्या पात्राची ताकद कमी केली तर आकड्यासोबत चार ओळींत कारणही लिहिते. कारण पटलं नाही तरी खेळाडू वाद घालतो तो त्या कारणाशी. कारणच दिलं नाही, तर तो कंपनीच्या हेतूवर संशय घेऊ लागतो, आणि हेतूवरचा संशय एकदा बसला की निघता निघत नाही.

ईव्हमध्ये हा संशय २००७ सालीच शिरला होता. ६ मे २००३ ला सुरू झालेला हा खेळ वेगळ्या बांधणीचा. बहुतेक मोठ्या ऑनलाइन खेळांत खेळाडू निरनिराळ्या सर्व्हरवर वाटलेले असतात, तुमचं जग वेगळं, माझं वेगळं. ईव्हमध्ये जवळपास सगळ्यांना एकच विश्व, हजारो ग्रहमालांचं. खाणी खेळाडूंच्या, कारखाने खेळाडूंचे, भाव खेळाडूंनी ठरवलेले, युद्धंही त्यांचीच. २००९ साली त्याचे सदस्य तीन लाखांवर गेले, आणि त्या वेळी आइसलँडची लोकसंख्याही जवळपास तेवढीच होती. एवढ्या मोठ्या समाजात २००७ च्या सुरुवातीला उघडकीला आलं की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्यानं आपल्या ओळखीच्या खेळाडू-गटाला दुर्मीळ, नफ्याचे आराखडे मिळवून दिले होते. म्हणजे पंचच एका संघाला मिळालेला.

कंपनीनं यानंतर तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. कर्मचाऱ्यांवर नजर ठेवणारा अंतर्गत विभाग नेमला. एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञाला २००७ मध्ये नोकरीवर घेतलं आणि खेळातल्या अर्थव्यवस्थेचे अहवाल जाहीर करायला सुरुवात केली. किती खनिज निघालं, किती चलन नव्यानं आलं, किती बाजारातून गेलं, भाव कसे हलले, असं सगळं त्यात असतं. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वाचणाऱ्याला हे कागद परके वाटणार नाहीत. हेच गुडमुंडसन पुढं आइसलँडमधल्या अकुरेरी विद्यापीठाचे प्रमुख झाले. आकडे उघड करणं हेही बोलणंच आहे, आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक बोलणं, कारण आकडे दिले की खेळाडूंना ते तपासता येतात.

तिसरी गोष्ट म्हणजे निवडणूक. २००८ मध्ये खेळाडूंनी मतदान करून आपले प्रतिनिधी निवडले. ही 'कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट', सगळे तिला सीएसएम म्हणतात. प्रतिनिधींना रेक्याविकला विमानानं नेतात, कंपनीचे लोक त्यांच्यासमोर पुढच्या योजना मांडतात, त्यावर वाद होतात आणि बैठकीचं इतिवृत्त पुढं प्रसिद्ध होतं. अजून जाहीर न झालेल्या गोष्टी ऐकायला मिळत असल्यामुळे सदस्यांकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतलेली असते. २०१३ पासून मतदान पसंतीक्रमानं होतं, आपल्या विधान परिषदेसारखं: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. संख्येनं बलाढ्य गटांनीच सगळ्या जागा बळकावू नयेत आणि एकेकट्या खेळाडूंचं मतही वाया जाऊ नये, यासाठी ही पद्धत आणली.

या मंडळाला निर्णयाचा अधिकार नाही. कंपनी त्यांचं ऐकायला बांधलेली नाही. म्हणून बरेच जण त्याला शोभेची वस्तू म्हणतात, आणि शांततेच्या काळात त्यात तथ्यही असेल. पण त्याचा खरा कस २०११ मध्ये लागला.

२१ जून २०११ ला 'इन्कार्ना' नावाचं अपडेट आलं. तोवर ईव्हमध्ये खेळाडू म्हणजे त्याचं जहाज. स्थानकात आलं की जहाज गोदीत उभं दिसायचं, आणि खेळाडू गप्पा मारता मारता माउसनं ते गरागरा फिरवत बसायचे. यातून कमाई काही नाही, उपयोग काही नाही. हाताला लागलेला चाळाच. इन्कार्नानं तो चाळा काढून घेतला. त्याऐवजी खेळाडूला माणसाचं शरीर आणि एक खोली मिळाली. खोलीत सोफा, स्क्रीन, आरसा. दार होतं, पण ते उघडत नव्हतं. त्या खोलीत दुसरा कुणी येऊ शकत नव्हता. अनेकांचे संगणक त्या एका खोलीनंच तापू लागले.

सोबत कपड्यांचं दुकान उघडलं. त्यात एका डोळ्यावर लावायचं भिंग होतं, मोनोकल. त्याची किंमत खऱ्या पैशांत साठ डॉलरच्या वर. खेळाची महिन्याची वर्गणी होती पंधरा डॉलर, म्हणजे एका भिंगाला चार महिन्यांची वर्गणी. आणि ते घालून मिरवणार कुठं? बंद दारामागच्या आपल्याच खोलीत, नाहीतर आपल्या छोट्या फोटोत.

महाग भिंग कुणी घेऊ नये, विषय संपला असता. तसं झालं नाही, कारण त्याच आठवड्यात कंपनीचं कर्मचाऱ्यांसाठीचं अंतर्गत पत्रक बाहेर फुटलं. त्या अंकाचा विषयच होता: हाव चांगली असते का? खऱ्या पैशांत आणखी काय काय विकता येईल याची चर्चा त्यात होती. खेळाडूंना भीती वाटली ती उद्याची. आज भिंग, उद्या पैसे मोजून जास्त मारक गोळ्या. तसं झालं तर वर्षानुवर्षं खपून मिळवलेल्याची किंमत शून्य.

खेळाडू उत्तर मागत होते. मिळालं ते आणखी एक फुटलेलं पत्र. कंपनीचे प्रमुख हिल्मर वेइगर पेटुर्सन यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या ईमेलचा आशय असा होता: हा गदारोळ अपेक्षितच आहे, अशा वेळी खेळाडू काय बोलतात त्यापेक्षा काय करतात ते पाहावं, चाळीस तासांत ५२ मोनोकल विकले गेले आहेत.

या पत्राला मी निव्वळ उद्दामपणा म्हणणार नाही. त्यामागं धंद्यातला एक खरा अनुभव आहे. प्रत्येक बदलावर ओरड होते, सोडून जाण्याच्या धमक्या येतात, आणि महिन्याभरानं तीच माणसं खेळत असतात. बोलणं आणि वागणं यांत अंतर असतं, हे दुकानदारालाही कळतं. चूक झाली ती दुसरीकडे. ५२ भिंगं विकली गेली हे हिशेबात दिसत होतं. लाखोंच्या मनातून कंपनी उतरत होती, ते कुठल्याच रकान्यात दिसत नव्हतं. आणि खेळाडूंनी ते पत्र वाचलं तेव्हा त्यांना एकच कळलं: आपलं बोलणं इथं मोजलं जात नाही. मग कृतीच बघायची असेल तर ही घ्या, म्हणत त्यांनी वर्गण्या बंद केल्या आणि जिताच्या पुतळ्याकडे मोर्चा वळवला.

आता सीएसएमची गरज लागली. जूनच्या शेवटी सदस्यांना तातडीनं रेक्याविकला बोलावलं, दोन दिवस बैठक झाली आणि संयुक्त निवेदन निघालं: खेळाचं पारडं झुकवेल असं काहीही पैशानं विकणार नाही. आपणच निवडून दिलेल्या माणसांनी आत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, म्हणून या निवेदनाला थोडंफार वजन आलं. कंपनीनं एकटीनं तेच लिहिलं असतं तर कुणी वाचलंही नसतं. गोळीबार थांबला. पण माणसं परतली नाहीत. शब्द ठीक होते, खेळ तोच होता. खोलीचं दार बंदच होतं.

खरा बदल ऑक्टोबरात झाला. पेटुर्सन यांनी खेळाडूंना जाहीर पत्र लिहिलं. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हा आपल्याकडेही सरावाचा झालेला आडोसा त्यांनी घेतला नाही. तुम्ही कंपनीपासून दुरावलात याचा दोष माझा आहे, यश गृहीत धरून मी चालत राहिलो, मला माफ करा, असा त्या पत्राचा सूर होता. पुढच्या दोनेक आठवड्यांत कंपनीनं आपले सुमारे वीस टक्के कर्मचारी कमी केले आणि उरलेलं बळ ईव्हवर लावलं. वरच्यांच्या चुकीची किंमत खालच्यांनी नोकरी गमावून मोजली, हेही या गोष्टीत लिहून ठेवायला हवं.

आणि २९ नोव्हेंबरला 'क्रुसिबल' हे अपडेट आलं. त्यात भव्य असं फारसं काही नव्हतं. वर्षानुवर्षं खेळाडू ज्या बारीकसारीक गोष्टींसाठी तक्रार करत होते, त्या एकेक करून दुरुस्त केल्या होत्या. त्यात एक होती गोदीतलं जहाज. ते परत आलं आणि पुन्हा गरागरा फिरवता येऊ लागलं. माझ्या मते ईव्हची माफी त्या दिवशी पूर्ण झाली. पत्रानं कंपनीची चूक कबूल झाली होती. फिरणाऱ्या जहाजानं कळलं की कुणीतरी खरंच ऐकत होतं.

जपानमध्ये स्क्वेअर एनिक्स या कंपनीनं खेळाडूंशी असं उघडपणे बोलणं सवयीचं केलं. त्यांचा 'फायनल फँटसी १४' सप्टेंबर २०१० मध्ये आला तो सपशेल पडला. डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्याकडे तो सोपवला गेला. त्यांनी निर्मात्याची पत्रं लिहायला सुरुवात केली, पुढं स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून तासन्‌तास प्रश्नांना उत्तरं देऊ लागले. जुना खेळ दुरुस्त करत करतच नवा उभारला, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुनं जग बंद केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवं उघडलं. या पायावर डिसेंबर २०२१ चं संकट निभावलं. नवं अपडेट आलं आणि इतकी गर्दी लोटली की लोक तासन्‌तास रांगेत अडकले, वर रांगेतून बाहेर फेकले जाऊ लागले. योशिदांनी सांगितलं की चिपच्या जागतिक टंचाईमुळे नवे सर्व्हर पैसे देऊनही मिळत नाहीत. मग कंपनीनं खेळाची विक्रीच थांबवली. जानेवारीच्या अखेरीपर्यंत नव्या ग्राहकाला तो विकत मिळत नव्हता, आणि जुन्या सदस्यांना फुकट दिवस वाढवून दिले. आत आहेत त्यांची सोय होईपर्यंत बाहेरच्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे कुठल्याही निवेदनापेक्षा स्पष्ट होतं.

उलट उदाहरण नोव्हेंबर २०१७ चं. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला भरमसाट वेळ खेळावं लागेल, अशी ओरड झाली. ईए कंपनीकडून रेडिटवर उत्तर आलं की पात्र मिळवल्याचा अभिमान आणि कर्तृत्वाचं समाधान खेळाडूंना मिळावं, हा हेतू आहे. वाक्य तयार करताना ते कुणाला तरी छान वाटलं असेल. पण सगळी रक्कम मोजून खेळ घेतलेल्या माणसाला ते टोचलं. त्या उत्तरावर ६ लाख ८० हजारांहून अधिक नापसंतीची मतं पडली आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. खेळ विक्रीला येण्याच्या तोंडावर कंपनीला खऱ्या पैशांची खरेदीच तूर्त बंद करावी लागली.

अशी उत्तरं लिहिण्याचं काम बहुधा कम्युनिटी मॅनेजरकडे असतं. दिवसभर हजारो तक्रारी वाचायच्या, त्यातून खरं दुखणं शोधायचं, ते इंजिनियरांना समजेल अशा शब्दांत आत कळवायचं आणि आतलं उत्तर माणसांच्या भाषेत बाहेर सांगायचं. निर्णय त्याच्या हातात नसतो, शिव्या मात्र त्याच्याच वाट्याला. 'डेस्टिनी' हा खेळ बनवणाऱ्या बंजी कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं कृष्णवर्णीय चाहत्याचं काम जाहीरपणे दाखवलं, म्हणून एकानं त्याला आणि त्याच्या बायकोला फोनवरून वर्णद्वेषी छळ करून हैराण केलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयानं २०२३ मध्ये त्या माणसाला सुमारे पाच लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. खेळाडूंचा राग अनेकदा रास्त असतो, पण घरापर्यंत पोचणारा राग हा गुन्हाच आहे.

आपल्याकडची मुलं या नात्याची दुसरी बाजू जाणतात. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ भारतातल्या ॲप स्टोअरमधून दिसेनासा झाला आणि परत आला तो मे २०२३ मध्ये, अठराखालच्यांना दिवसाला तीन तास नि इतरांना सहा तास अशा मर्यादेसह. कारण सरकारी बंदीचं होतं, कंपनीचे हात बांधलेले होते. पण दहा महिने नेमकं काही कळत नव्हतं आणि ती पोकळी यूट्यूबवरच्या रोज नव्या तारखांनी भरली. 'आम्हाला अजून काही सांगता येत नाही' एवढं जरी ठराविक दिवसांनी सांगितलं, तरी अफवांचा निम्मा जोर ओसरतो.

सीसीपी नंतरही चुकली. २०१९ मध्ये सीएसएमच्या एका सदस्याला गोपनीय माहिती फोडल्याच्या आरोपावरून काढून टाकलं, मग चौकशीत तो निर्दोष निघाला आणि कंपनीनं जाहीर माफी मागितली. त्याआधी २०१४ मध्ये रेक्याविकच्या बंदरावर कंपनीनं शिल्पकार सिगुर्दुर गुडमुंडसन यांचं एक स्मारक उभं केलं, त्याच्या पायथ्याशी ईव्हच्या खेळाडूंची नावं कोरली आहेत.

आणि जिताचा तो पुतळा? ज्याला खेळाच्या नियमांनुसार इजा होऊच शकत नव्हती, तो कंपनीनं नंतर स्वतःहून पाडला. तिथं त्याचे भग्न अवशेष तरंगू लागले, आणि खेळाडूंनी निषेध म्हणून इथं मारा केला होता, ही नोंद खेळातच जपली गेली.